दोन्ही हात लागले होते

शेवंतीचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. मी तिला पोहायला शिकवलं, ती ऑलिम्पिकपर्यंत गेली, आणि वाटेत भेटलेल्या माणसांनीच एकेक किस्सा माझ्या पदरात टाकला. सांगायला बसलो की अजून डोकं तापतं!

*

ती धडगावकडच्या डोंगरातली, पावरा आदिवासी घरातली. नंदुरबारला हॉस्टेलवर राहून शिकायची. पहिल्याच निवड चाचणीत एक अधिकारी तिला म्हणाले, "तुम्ही लोक धावता ना? डोंगरात पोहायला पाणी कुठलं?"

शेवंती म्हणाली, "साहेब, आमचं गाव धरणात गेलंय. पाणीच पाणी आहे."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

*

मेडले म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकारांनी पोहायचं. रोज सराव लागतो. राज्य स्पर्धा तोंडावर आली आणि एका सकाळी बघतो तर टँक कोरडा ठणठणीत!

वॉचमन म्हणाला, "सर, पाणी उपशी टाकं. साहेबना पोऱ्यानं लगीन शे, मंडप आठेच शे."

साहेबांच्या मुलाच्या लग्नाचा मंडप, आणि तोही टँकमध्ये! ऑफिसात जाऊन मी टेबल बडवलं. क्लार्क म्हणतो, "चिडता कशाला? तुम्ही दोघंही या ना जेवायला!"

आम्ही रोज सारंगखेड्याला तापी नदीवर सरावाला गेलो. लग्नाच्या दिवशीसुद्धा!

*

मेडलेतल्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लावावे लागतात. नॅशनलला शेवंती पहिली आली, आणि पंचांनी तिला बाद केलं. म्हणे, एकच हात लागला! माझ्या मोबाईलवर दोन्ही हात स्वच्छ दिसत होते.

पंच म्हणाले, "ते घरी जाऊन बघा."

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढच्या वर्षी वळताना तिने भिंतीवर हात असे आपटले की गॅलरीतले लोक दचकले. गोल्ड गळ्यात घालून ती थेट त्याच पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, या वेळी ऐकू आलं ना?"

*

ऑलिम्पिकला कोच म्हणून मी जाणार होतो. बॅग भरलेली! ऐनवेळी फोन आला, माझ्याऐवजी कुणा पदाधिकाऱ्याचे मेहुणे जातायत. अहो, त्यांना पोहता तरी यावं!

शर्यतीच्या आदल्या दिवशी शेवंतीचा फोन. "सर, हे मेहुणे विचारतायत, मेडलेत आधी बटरफ्लाय की बॅकस्ट्रोक?"

मी ओरडलोच. "मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्ही शॉपिंग करून या."

दुसऱ्या दिवशी ती आयुष्यातलं सगळ्यात वेगवान मेडले पोहली. हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, सहावी आली. टीव्हीसमोर मी एकटाच रडत होतो.

*

ती परत आल्यावर एक टीव्हीवाला थेट तिच्या घरी पोचला. मीही तिथेच होतो. तिची आई शेतातून आली, तर हा म्हणतो, "मावशी, डोक्यावर हंडा घ्या. जरा गरिबी दिसू द्या!"

मी कॅमेऱ्याकडे झेपावलो. शेवंतीने माझा हात धरला.

मग त्याने माईक आईच्या तोंडाशी नेला. "मुलगी सहावी आली. मेडल नाही. आई म्हणून किती वाईट वाटलं?"

शेवंतीने आईला प्रश्न पावरी बोलीत सांगितला. आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एकच वाक्य बोलली.

"काय म्हणाल्या, काय म्हणाल्या?"

शेवंती म्हणाली, "आई विचारते, तुम्ही कितवे आलात?"