अण्णांची अर्धी गोळी

हसायचं नाही हं, आधीच बजावते. माझ्या शहाणपणानं एकदा सासऱ्यांच्या जिवावर बेतलं होतं. खोटं नाही सांगत!

तेव्हा आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, गिरणीतून रिटायर झालेले. त्यांना कंपवात. बशी तोंडाशी जाईस्तोवर अर्धा चहा लेंग्यावर! मग डॉक्टरांनी गोळी दिली, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. आणि आठवड्याभरात अण्णांनी शर्टाची बटणं स्वतः लावली! सगळी! मला तर रडूच आलं.

आता अर्धीनं एवढा गुण, तर अख्खीनं किती? दिली मी अख्खी सुरू करून. डॉक्टरांना कशाला विचारायचं?

चार दिवसांनी अण्णा म्हणाले, "सूनबाय, तोंड सुकता गो."

जीभ पाहिली तर भाजलेल्या पापडासारखी. पेपर हातात दिला तर म्हणे अक्षरं पुसट दिसतात. माझ्या मामाची शुगर अशीच सुरू झाली होती, आणि शेवटी त्याच्या पायाचा अंगठा कापावा लागला! मला उठता-बसता अण्णांचा अंगठाच दिसायला लागला.

शेजारच्या मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, शुगरच ती! लघवी तपासून घे. लॅबवाला दहापर्यंतच बाटली घेतो हां."

दुसऱ्या दिवशी आमचे हे, म्हणजे अण्णांचा झील, फर्स्ट शिफ्टला गेलेले. मी अण्णांच्या हातात बाटली दिली. अण्णा गॅलरीच्या टोकाला संडासात गेले, बऱ्याच वेळानं आले. बाटली रिकामी, मान खाली.

"येना नाय गो."

सुनेला लाजले, दुसरं काय! मी म्हटलं, "लाजायचं काय त्यात, अण्णा? पाणी प्या, येईल." तांब्याभर पाजलं. पुन्हा बाटली रिकामी. पुन्हा तांब्या. मंदा म्हणाली, "बार्ली दे गं." बार्ली दिली. मोरीतला नळ सोडून ठेवला, आवाजानं तरी येईल म्हणून. साडेनऊ वाजले! अण्णा भिंत धरून उभे, कपाळावर घाम.

"नको गो पानी, पोट फुटतला!"

"अहो, लॅब बंद होईल! एवढा शेवटचा तांब्या, माझ्यासाठी."

तो प्यायले बिचारे, आणि मटकन खालीच बसले. पोटाला हात लावला तर दगड! मंदानं धावत जाऊन रिक्षा आणली. प्रत्येक खड्ड्याला अण्णा "आई गे" म्हणायचे, आणि त्यांच्याहून मोठ्यानं मी.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि ताबडतोब नळी घातली. मी बाहेर उभी. आता ह्यांना काय तोंड दाखवू? थोड्या वेळानं आत बोलावलं. अण्णा निवांत पडले होते, खाली पिशवी भरत होती.

"गोळी किती देत होता?"

"अख्खी," मी पुटपुटले. "दोन वेळा."

"अहो बाई, या गोळीनं थरथर थांबते, तसंच तोंड सुकतं, नजर अंधुक होते, आणि म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते. म्हणून तर अर्धी दिली होती! तोंड सुकलं तेव्हाच यायचं ना माझ्याकडे?"

"मला वाटलं शुगर..."

"तपासली आत्ता. शुगर नाही. पाणी किती पाजलंत?"

"तीन तांबे. आणि बार्ली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गोळी पुन्हा अर्ध्यावर आणली. मी भीत भीत विचारलं, "डॉक्टर, घरी यांची काही विशेष काळजी घ्यायची का?"

ते उत्तर देणार, एवढ्यात खाटेवरून अण्णा म्हणाले, "डागदरानू, काळजी घेवक माझ्या झिलाक सांगा. हिणा घेतल्यान तितकी पुरे!"