निघालोच

शाळा सोडून इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, शनिवारी राणीच्या बागेच्या फाटकाशी भेटून मुंबई फिरायचं, असं आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ठरलं. सगळ्यांनी लगेच अंगठे पाठवले. तिथेच मला शंका आली. खरंच येणारा माणूस आधी कुरकुरतो, उन्हाचं काढतो, गुडघ्याचं काढतो.

आज सकाळपासून ‘निघालोच’ असे निरोप येतायत. आपल्याकडे हे आंघोळीच्या आधी म्हणायची पद्धत आहे. म्हणून मी समोरच्या हॉटेलात चहा घेत फाटकावर नजर ठेवून बसलोय. कोणी दिसलं तरच बाहेर पडायचं. उगाच आपण एकटे ताटकळत कशाला दिसा?

फाटकाशी अजून कोणी नाही. शेजारच्या टेबलावरचा टक्कल पडलेला माणूसही मघापासून तिकडेच बघतोय. त्याने फोन काढून काहीतरी लिहिलं, आणि माझा खिसा वाजला.

‘पोचलात का रे कोणी?’