खाणीतल्या पाण्यावरची बोट

चूक माझीच होती. नवं इंजिन सेट होईपर्यंत वेग वाढवायचा नाही, नाहीतर पिस्टन जाम होतो, हे बजावूनच माझ्या शेजाऱ्यानं त्याच्या छोट्या बोटीचा रिमोट माझ्या हातात दिला होता.

निघोजे गावाजवळच्या जुन्या खाणीत पाणी साचलंय. तिथं तो दर रविवारी आपली हातभर लांबीची पेट्रोलवरची बोट सोडायचा. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त घालायचा, बोट हळूहळू फिरवायचा आणि पुटपुटत राहायचा, "दमानं बाई, दमानं." मला हसू यायचं.

त्याची पाठ वळताच मी वेग पूर्ण वाढवला. इंजिन किंचाळलं आणि पाण्याच्या मधोमध बंद पडलं.

तो रागावला नाही. चपला काढून काठावर बसला आणि त्यानं तळहात पाण्यावर टेकवला. "येईल ती, राव. रुसलीय."

वारा आमच्याकडून पलीकडे वाहत होता. तरी बंद बोट संथपणे, सरळ त्याच्या हाताशी आली.

"भाऊ, माफ करा," मी म्हणालो.

"मला काय सांगता? तिला सांगा."

मी वाकून इंजिनला हात लावला. नुकतंच तापून बंद पडलेलं इंजिन बर्फासारखं गार होतं. या वेळी हसू आलं नाही.

"चुकलो, बाई," मी म्हणालो.