माझ्या डाव्या कानाशी बसणारे तांबोळी

तांबोळी सर चष्मा काढून स्वेटरच्या टोकाला पुसू लागले, की मी डावा कान त्यांच्याकडे करायचो. आमच्या कोथरूडच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. शिक्षकखोलीत आणि सभांमध्ये आम्ही शेजारी बसायचो. चष्मा पुसला जातोय म्हणजे आत काहीतरी शिजलंय, हे एवढ्या वर्षांत फक्त मला ठाऊक होतं. काच उजेडाकडे धरून, ओठ जेमतेम हलवत ते एक वाक्य सोडायचे आणि चष्मा परत नाकावर ठेवून गंभीर व्हायचे.

एकदा आमचे मुख्याध्यापक वेळेच्या नियोजनावर बोलायला उभे राहिले ते बसेचनात. तांबोळी पुटपुटले, "वेळ जपा म्हणतायत. स्वतःचा जपलाय, म्हणून आपला खर्च करतायत." मला हसू फुटलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय झालं, साठे?" माझा आवाज मुळात खणखणीत. मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून टाकलं. सगळी खोली हसली, खुद्द मुख्याध्यापकही हसले. तांबोळीसुद्धा हसत होते, आत्ताच पहिल्यांदा ऐकल्यासारखे. 'हे यांचं आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण कौतुक फार गोड लागलं, आणि मी गप्प बसलो.

मग तसाच पायंडा पडला. शाळेतल्या चहाबद्दल "या पाण्यानं चहा पाहिलेला दिसतोय, पण लांबून" हे त्यांचं. आमच्या अध्यक्षांबद्दल "ते थोडक्यात बोलतो म्हणाले, की मी घरी फोन करून ठेवतो" हेही त्यांचंच. ते खडकीहून स्कूटरवर यायचे आणि अशी एक-दोन वाक्यं माझ्या कानात टाकून संध्याकाळी निघून जायचे. त्या जोरावर मला सूत्रसंचालनाची आमंत्रणं येऊ लागली. माझ्या कपाटात शालींचा ढीग झाला. स्वेटर मात्र त्यांचा तोच.

एकदा मी विचारलं, "अहो, तुम्ही स्वतःच का नाही बोलत?"

त्यांनी चष्मा काढला. "साठे, तुम्ही म्हणालात की विनोद होतो. तांबोळी म्हणाला की टोमणा होतो, आणि मग लोक तांबोळीकडे बघतात."

मी खदाखदा हसलो. हेही त्यांचं नेहमीचंच, असं धरून चाललो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला त्यांना जावं लागलं. आज ते हसू आठवलं की शरमेनं कान तापतात.

गेल्या महिन्यात तांबोळी हृदयविकारानं गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. मी ठरवूनच उठलो होतो की आज सगळं परत करायचं. म्हणालो, "तुम्ही ज्या विनोदांसाठी मला ओळखता, ते सगळे तांबोळींचे होते. मी फक्त मोठ्यानं बोलायचो." मग एका निवृत्तीच्या कार्यक्रमात त्यांनी माझ्या कानात सांगितलेलं, मी कुठेही न वापरलेलं वाक्य सांगितलं: "निरोपसमारंभात माणूस इतका चांगला निघतो, की त्याला जाऊ का देतात तेच कळत नाही."

शोकसभेत हसू पिकलं. नंतर मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेतला. "साठे, मित्रासाठी एवढं मोठं मन! पण असली खोच तांबोळींची? छे. ही तुमचीच." आजूबाजूच्या माना हलल्या. जाताना माझ्या पदरात आणखी थोडं कौतुक पडलं होतं. मी इतका ओशाळलो की चपला शोधायचं निमित्त करून बाहेर पडलो.

त्याच रविवारी खडकीला त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, निदान घरच्यांना तरी माहीत असेल. शमीमवहिनी म्हणाल्या, "भाऊ, घरी आले की हातपाय धुवायच्या आधी सुरू व्हायचे. 'आज साठे काय म्हणाला, ऐका.' पोट धरून हसायचो आम्ही."

मी म्हणालो, "वहिनी, ते सगळं त्यांचंच असायचं."

त्यांची लेक रुबीना म्हणाली, "अब्बा म्हणायचेच, साठेकाका कधी स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत."

ज्याला खरं ठाऊक होतं, त्यानंच ते माझ्या नावावर करून ठेवलं होतं.

रुबीनानं चहा आणला. दाट, आलं घातलेला. मी घोट घेतला. "कसा झालाय, काका?" तिनं विचारलं आणि मायलेकी दोघी माझ्या तोंडाकडे बघू लागल्या, हसायची तयारी करून. कितीतरी दिवसांत त्या घरात कुणी हसलं नसावं. सवयीनं माझा डावा कान बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला.

"चांगला झालाय," मी म्हणालो.