ऑर्टविनला फितुरी नको होती

दर उन्हाळ्यात आमचा किल्ला पडतो. तटाखाली स्वीडिश सैन्य येतं, गावातलाच एक गिरणीवाला आतून दरवाजा उघडून देतो आणि आम्ही सगळे रडत-ओरडत पळतो. कधीकाळी खरंच झालं, ते आता जत्रेत करून दाखवायचं. गिरणीवाल्याचं सोंग ऑर्टविन ब्रेमेच्या घराण्याकडे. आधी आजोबा, मग बाप, मग हा. त्याला मारायला टोमॅटोच्या टोपल्या भरून ठेवलेल्या असतात.

एरवी ऑर्टविन छपरं दुरुस्त करायचा. निम्मं गाव त्याच्यामुळे कोरडं झोपतं. तरी तो बेकरीत शिरला की कुणीतरी म्हणणारच, "दार सांभाळा रे, फितूर आला!" तोही हसायचा. त्याच्या मुलीला मात्र शाळेत याचाच जाच झाला. ती हॅम्बुर्गला गेली ती गेलीच.

यंदा त्याला फुप्फुसाचं दुखणं निघालं. पुढचा उन्हाळा दिसेल असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. जत्रेचे कपडे मी शिवते, म्हणून तो माझ्याकडे आला.

"इल्झे, मला साधा सदरा शिव. गावकऱ्याचा."

"आणि दरवाजा?"

"उघडेल कुणीतरी. एकदा तुमच्यात उभं राहू दे गं मला. आतल्या बाजूला."

जत्रेचा कारभारी फोल्कमार म्हणाला, "तुला आत बघून लोक गोंधळतील की!" मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा कुठे त्यानं पोस्टातल्या नव्या माणसाला सोंग दिलं.

जत्रेच्या दिवशी ऑर्टविन माझ्या शेजारी उभा होता, गुळगुळीत दाढी करून, नव्या सदऱ्यात. पोस्टातल्या माणसानं दरवाजा उघडला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"तो बघा, इथे लपलाय!" कुणीतरी ओरडलं. पहिला टोमॅटो माझ्या खांद्यावरून गेला, मग धडाधड सुरू झाले. लोक खिदळत होते. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप येतो.

"अरे, थांबा! हा आपल्यातला आहे!" मी त्याचा दंड धरून जीव तोडून ओरडले. त्यांना वाटलं, नाटकातलंच बोलतेय. टाळ्या पडल्या.

ऑर्टविननं तोंड पुसलं नाही. त्यानं माझा हात सोडवला आणि खोकत खोकत दरवाजाकडे निघाला. त्याला बाहेर जायला सगळ्यांनी पटकन वाट करून दिली.