काऊबॉयच्या बायकोचा ड्रेस

तीन बायका आणि एक ड्रायव्हर रोज सकाळी अर्धा तास एका गाडीत कोंडले की किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. इथे आखातात सनाबिसहून अस्करला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या गाडीत तर ते ढिगाने साठले आहेत. मी ते लोकांना हसवायला सांगते. खरं म्हणजे त्यातल्या बहुतेकांत लाज माझीच गेली आहे.

*

सुरुवात माझ्या मोबाइलमुळे झाली. मी वर्कशॉपच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. गाडीत वेळ जावा म्हणून एक इंग्रजी कादंबरी उघडली होती. शेजारी शमीमआपा, रत्नागिरीच्या, आमचं स्टोअर सांभाळतात. त्यांनी मान लांब केली.

"काय वाचतेस गो?"

"मॅनेजमेंटचं आहे, आपा."

कव्हरवर एक काऊबॉय घोड्याला टेकून उभा होता. आपांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"मग मॅनेजरने शर्ट का नाय घातला?"

फर्स्ट एडची नर्स रोहिणी एवढी हसली की मला पहिल्या पानापासून गोष्ट सांगावीच लागली!

*

बायको गेलेला काऊबॉय. घोड्यावरून पडून पाय मोडलेला. त्याची शुश्रूषा करायला आलेली एक बाई. रोज एक प्रकरण मी मराठीत सांगायची. अडचण एकच, दर चार पानांनी ते दोघं एकमेकांचे मुके घ्यायचे. पुढे दत्तारामदादा गाडी चालवताहेत, त्यांच्यासमोर हे कसं सांगणार? मी म्हणायची, "मग त्यांनी चहा घेतला."

आठवडाभराने आपा म्हणाल्या, "ह्या माणसाला ॲसिडिटी कशी नाय होत?"

*

दत्तारामदादा संगमेश्वरकडचे, पन्नाशीला आलेले. दिवसभरात दहा वाक्यं बोलतील तर शपथ. पण एकदा सिग्नलला त्यांनी विचारलं, "ताई, काऊबॉय म्हणजे गुराखीच ना?"

"हो, तसंच."

"मग घोडा कशाला? आमी तर चालत जायचो. आनि कुनी फोटो पन नाय काढला!"

*

मग कादंबरी मध्येच संपली. मी फुकटचं सॅम्पल उतरवलं होतं! पूर्ण पुस्तक घ्यावं तर घरातलं अकाउंट मुलीच्या हातात. कव्हर बघून ती म्हणाली असती, "आई, सीरियसली?" ते ऐकण्यापेक्षा पुढची गोष्ट मीच रचायची ठरवलं. गाडीत कुणाला सांगितलं मात्र नाही.

*

रमजानात आपांची वेळ बदलली, रोहिणी लीव्हवर होती. गाडीत मी आणि दादा दोघंच. गाडी हायवेला लागल्यावर ते आपणहून बोलले. बायको आजारी पडली तेव्हा रजा मिळून गावी पोचेपर्यंत बारावं झालं होतं. सगळे पांगल्यावर शिंप्याचा निरोप आला, वहिनींचा ब्लाउज तयार आहे. ते जाऊन घेऊन आले. तो ब्लाउज इथे खोलीत त्यांच्या बॅगेत होता.

"हे कुनाला बोललो नाय," ते म्हणाले.

*

पण ईदनंतर सगळ्या परत गाडीत जमल्या आणि मला प्रकरण सुचेना. तेव्हा मी ते सांगितलं! काऊबॉय शिंप्याकडे जातो, मेलेल्या बायकोचा निळा ड्रेस घेऊन येतो, घडी न मोडता पेटीत ठेवतो. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मी ब्लाउजचा ड्रेस केला होता आणि त्याला रंग दिला होता. आपा ओढणीने डोळे पुसत होत्या. मला, खोटं कशाला बोलू, फार छान वाटत होतं.

तेवढ्यात अस्करचं वळण मागे गेलं. इतक्या वर्षांत दादांचं वळण कधी चुकलं नव्हतं. मी आरशात पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. रोहिणी रडत नव्हती. तीही आरशातच बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी रोहिणी पुढच्या सीटवर बसली. म्हणे मागे मळमळतं. मी घाईघाईने गोष्ट गुंडाळली, "मग त्यांनी लग्न केलं. खलास!"

आपा चिडल्या. "असं कसं? चहा तरी पिऊ दे त्यांना!"

दादा हसले नाहीत. माफी मागायची म्हणून मी रोज शेवटी उतरायची आणि रोज "शुक्रान, दादा" असे नुसते आभार मानून निघून जायची.

*

सहा महिन्यांनी रोहिणीने आमच्या हातात पेढे ठेवले. घटस्फोट होऊन तिला आठ वर्षं झाली होती, आणि ती दत्तारामदादांशी लग्न करत होती. आपा म्हणाल्या, "यल्ला, चला, निदान ह्या लग्नाला तरी आमी हजर असू!"

मनामाच्या देवळात लग्न लागलं. मी आहेर घेऊन पुढे झाले, पण दादांकडे बघवेना. शेवटी मान खाली घालूनच म्हटलं, "दादा, चुकलं माझं. ते शिंप्याचं मी गाडीत सांगायला नको होतं."

रोहिणीने माझा हात धरला.

"स्वातीताई, निळा नाही, हिरवा आहे तो. कालच इस्त्री करून ठेवलाय मी."