रुपचंदनं कानबाई सीडीत बसवली

दोंडाईच्यात रुपचंद माळीला ओळखत नाही असं लग्नघर सापडायचं नाही. आधी तो वरातीत गॅसबत्त्या पुरवायचा, मग व्हिडिओवाल्याचा लाईट धरायला लागला, मग कॅमेराच खांद्यावर घेतला. आणि नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात गड्यानं थेट कॉम्प्युटर आणला. शेजारचा गिरणीवाला रतिलाल म्हणाला, "रुपचंदभो, आते लगीन बी यामाच लावशी का?"

"लागी गयं तं तुले जेवाले बलावसू!"

श्रावणात गल्लीतल्या भिकुबाईंच्या घरी खान्देशची देवी कानबाई बसायची होती. कानबाईला सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. पोटासाठी परगावी गेलेला माणूसही येतोच. पण भिकुबाईंचा मुलगा भाईदास सुरतेत पाय मोडून पलंगावर पडला होता. त्या रुपचंदच्या दारात येऊन बसल्या. "मना भाईदासले कानबाई दखाडनी शे. तू काय बी कर."

भाईदासकडे व्हीसीआर नव्हता, सीडी प्लेयर होता. त्यामुळे कॅसेट पाठवून भागत नव्हतं. रुपचंदनं स्थापनेपासून विसर्जनापर्यंतचं सगळं शूटिंग कॉम्प्युटरात घेतलं, कापलं, जोडलं. पण ती फाईल फक्त कॉम्प्युटरलाच कळायची. प्लेयरला कळायची तर ती व्हीसीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलायला हवी, आणि ते काम त्यानं आजवर केलं नव्हतं. भिकुबाईंचा पुतण्या नथ्थू दुपारच्या गाडीनं सुरतेला निघणार होता. रुपचंदनं सकाळीच बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी मुंगीसारखी सरकू लागली.

"किती व्हयनं?" खिडकीतून कुणीतरी विचारलं.

"चाळीस टक्का!"

चाळीस टक्के गल्लीभर फिरले. तेवढ्यात दिव्याचा उजेड पिवळा पडला. "व्होल्टेज उतरी ऱ्हायनं! मशीन बंद पडी जाई!" रुपचंद बाहेर येऊन ओरडला. रतिलालनं भरल्या गिरणीचा खटका पाडला. घराघरातले पंखे थांबले. घामानं निथळत सगळी गल्ली त्या पट्टीकडं बघत बसली. पट्टी टोकाला पोचली तेव्हा अशी आरोळी उठली, की पलीकडच्या गल्लीतले लोक काय झालं म्हणून धावत आले.

मग ती फाईल सीडीवर चढली. रुपचंद सीडी टेबलावर ठेवून कव्हर आणायला आत गेला. आला तसा ती उचलून रतिलालच्या घरी पळाला, मागोमाग सगळी गल्लीही. सीडी रतिलालच्या प्लेयरमध्ये घातली. टीव्हीवर अक्षरं आली : नो डिस्क.

"सरनं!" रुपचंद मटकन खाली बसला. "फॉरमॅट चुकना." पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. नथ्थू पिशवी घेऊन दारात उभाच होता.

रुपचंदनं सीडी बाहेर काढली, उलटी केली आणि बघतच राहिला. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं!

"अक्का, हाई कोणी लावं?"

"मी," भिकुबाई म्हणाल्या. "माय शे ना त्यामा! चमकस तेच तिनं तोंड ना?"

"मशीन त्याच बाजूनी वाचस, अक्का! पुसनं पडी."

पण पुसणार कोण? कानबाईचं कुंकू पुसायला रुपचंदचाही हात धजेना. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. भिकुबाईंनीच ओला कापूस मागितला. "मी लावं, मीच पुसस. मना पोऱ्याकरता शे. माय राग नही धराव." रुपचंद सांगत गेला तसं मधून कडेकडे त्यांनी अलगद पुसलं.

सीडी आत गेली. टीव्ही क्षणभर काळा झाला, आणि भरजरी लुगड्यातली, नथ घातलेली कानबाई पडद्यावर उभी राहिली! वाजंत्री घुमली. सगळं घर उठून उभं राहिलं, कुणी टीव्हीसमोरच टाळ्यांवर आरती धरली.

"गाडी उनी!" स्टेशनातली शिट्टी ऐकून नथ्थू ओरडला. पण चालू आरतीत देवी थांबवायची कशी? रुपचंदचा हात बटणावरच अडला.

भिकुबाईच पुढं झाल्या. "काढ रे! आपले बठ्ठासले दखायनी. आते तिले सुरतले जाऊ दे."

सीडी पिशवीत टाकून नथ्थू पळत सुटला आणि हलत्या गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवर भाईदासचा फोन आला. "माय, दखी! बठ्ठी चाळ दखी ऱ्हायनी! पाय मोडेल शे, नहीतर नाचतू मी!" त्याच्या मागून खान्देशी बायांची गाणी ऐकू येत होती. भिकुबाईंनी रिसीव्हर गल्लीकडं धरला. इथल्या बायांनी तिथलं गाणं उचललं, आणि भाईदासच्या वाटचा नाच रुपचंदनं भर रस्त्यात सुरू केला.